पार पडलं

रविवार, २९ एप्रिल २००१, सनीव्हेल

इथे येऊन तीन आठवडे झाले. वर्ध्याहून आणलेली ही वही आज उघडतो आहे, कारण आज मनाला लागेल असं घडलं आणि बोलायला कोणी नाही. कांचन असती तर तिला सांगितलं असतं. तिला जाऊन येत्या जूनमध्ये दोन वर्षं होतील.

शुक्रवारी नातीला शाळेतून आणायला गेलो होतो. ऋता नऊ वर्षांची आहे. तिच्या बाई हसून मला म्हणाल्या, "शी टेक्स आफ्टर यू." मला वाटलं, पोर माझ्या मागे लागते अशी तक्रार आहे. मी गंभीरपणे म्हटलं, "आय शॅल सी दॅट शी डज नॉट डू इट अगेन." बाई गोंधळल्या.

आज जेवताना ऋताने तो प्रसंग नकलेसकट सांगितला. सून हिमानी तोंडाला रुमाल लावून हसली. केदार माझा मुलगा, तोही हसला. मग म्हणाला, "बाबा, टेक आफ्टर म्हणजे एखाद्यावर जाणं. ऋता तुमच्यावर गेलीय, असं म्हणत होत्या त्या."

चौतीस वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवलं. वर्ध्यात अजून कोणाला इंग्रजीत अर्ज लिहायचा असला की खानझोडे सरांकडे जा म्हणतात. हा केदार माझ्याच वर्गात पहिल्या बाकावर बसून शिकला. आज तो मला समजावताना ज्या आवाजात बोलला, तो आवाज मी ओळखतो. ढ मुलांसाठी मी तोच ठेवला होता.

मंगळवार, १५ मे

ठरवलं. पुस्तक लिहायचं. इंग्रजी जोडक्रियापदं, मराठी माध्यमाच्या मुलांसाठी. गिव्ह अप, गिव्ह इन, पुट ऑफ, पुट आउट. आपल्या मुलांची तिथेच गाडी अडते. माझं म्हणणं असं की यात पाठांतर करण्यासारखं काही नाही. क्रियापदाचा अर्थ घ्यावा, पुढच्या शब्दाचा घ्यावा, दोन्ही जोडून मराठीत आणावं. गो ऑन, चालू राहणं. कम बॅक, परत येणं. तर्क शाबूत असला तर अर्थ आपोआप निघतो. टेक आफ्टर हा एक अपवाद मानू.

सकाळी चालत लायब्ररीत जातो. काउंटरवरच्या बाईने याच विषयाचा जाडजूड कोश काढून समोर ठेवला. मी आभार मानून तिथेच ठेवला. कोश पाहून पुस्तक लिहायचं तर ते कोणीही लिहील.

बुधवार, ४ जुलै

सगळ्यांना सुट्टी. केदार दिवसभर लॅपटॉप उघडून बसला होता. मी विचारलं, कामाचं काय चाललंय? म्हणाला, "टीममधल्या चौघांना लेट गो केलं, बाबा."

मी म्हटलं, "बरं झालं, सुट्टीच्या आधी लवकर सोडलं."

त्याने लॅपटॉप मिटला. "काढून टाकलं, बाबा. नोकरीवरून." आणि उठून बाल्कनीत गेला.

लेट गो म्हणजे जाऊ देणं. काढून टाकण्याला हे लोक जाऊ देणं म्हणतात, हा त्यांचा खोटेपणा. माझ्या व्याकरणाचा दोष नाही. तशी तळटीप लिहिली.

हिमानी दुपारी फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "आय कॅन पुट अप विथ इट, यार. सहा महिन्यांचाच प्रश्न आहे." बहुधा माळ्यावर ठेवायच्या सामानाविषयी असावं. पुट अप, वर ठेवणं. लिहून घेतलं.

रविवार, १९ ऑगस्ट

केदारची कंपनी इथला विभाग बंद करते आहे. त्याला त्यांनी ॲरिझोनात, चँडलरला जागा देऊ केली आहे. उत्तर एकतीस तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत द्यायचं. नाही म्हटलं तर सप्टेंबरअखेर नोकरी संपली, आणि व्हिसा नोकरीला बांधलेला, म्हणजे देशात राहणंही संपलं. दुसरीकडे इथल्याच एका लहान कंपनीत त्याच्या मुलाखती झाल्या आहेत. काम त्याच्या आवडीचं आहे, घर बदलायला नको, ऋताची शाळा मोडायला नको. तोंडी होकार आहे, फक्त वरची मंजुरी यायची आहे. ती आली की मधली एजंट बाई फोन करील.

हिमानीला चँडलर हवं आहे. "तिकडे निदान घर तरी घेता येईल. आणि हातातलं आहे ते." केदारचं मन इथे आहे. तो म्हणाला, "मंजुरी आली तर इथे, नाही आली तर चँडलर. एकतीसपर्यंत बघू."

ऑफिसच्या फोनवर अशा गोष्टी बोलता येत नाहीत म्हणून त्याने बाईला घरचा नंबर दिला आहे. मला म्हणाला, "बाबा, फोन वाजला तर उचलू नका. मशीन निरोप घेईल. मी ऑफिसातून दर तासाने ऐकतो."

हिमानीनेही मान डोलावली. यंत्रावर विश्वास आहे, बापावर नाही.

शुक्रवार, ३१ ऑगस्ट

आज मी उपयोगी पडलो.

हिमानी ऋताला पोहायला घेऊन गेली होती. तीनच्या सुमारास फोन वाजला. उचलला. का नाही उचलायचा? माणूस घरात असताना यंत्राने का बोलावं? एजंट बाईच होती. मी सांगितलं, मी केदारचा पिता, निवृत्त इंग्रजी शिक्षक, निरोप निःशंकपणे माझ्याकडे द्यावा. बाई म्हणाली, "टेल हिम इट फेल थ्रू. आय विल कॉल हिम ट्यूजडे." मध्ये दोन-तीनदा सॉरी म्हणाली. पुढे तीन दिवसांची सुट्टी आहे, ऐन वेळी त्रास दिला म्हणून असेल. हे लोक दार उघडून दिलं तरी सॉरी म्हणतात.

फॉल म्हणजे पडणं, थ्रू म्हणजे पार. पार पडलं! दोन भाषा इतक्या तंतोतंत जुळलेल्या मी क्वचित पाहिल्या. पुस्तकात पहिल्या प्रकरणात घालण्यासारखं उदाहरण आहे.

लगेच केदारला ऑफिसात फोन लावला. म्हटलं, "बाईचा फोन होता. काम पार पडलं."

तो म्हणाला, "बाबा, नक्की काय म्हणाली ती? तिचे शब्द सांगा."

मला राग आला. म्हटलं, "माझ्या इंग्रजीवर शंका आहे का तुला? पार पडलं म्हणाली, मंगळवारी बोलते म्हणाली."

"नाही, शंका नाही," तो म्हणाला. "मी तिला लावून बघतो."

संध्याकाळी पेढ्याचा बॉक्स घेऊन आला. बाईचा फोन मशीनवर जात होता, सगळे सुट्टीला निघून गेले होते. चँडलरला त्याने पाचच्या आत नकार कळवला. हिमानीला म्हणाला, "त्यांचा फोन आला होता, झालं काम." निरोप कोणी घेतला ते त्याने सांगितलं नाही, मीही नाही. फोन उचलला म्हणून हिमानीचं तोंड कशाला बघा. पण पेढा खाताना वाटलं, कोणीतरी माझं नाव घ्यायला हवं होतं.

मंगळवार, ४ सप्टेंबर

केदार दुपारी दोनलाच आला. खिडकीतून पाहिलं, गाडी लावून आत तसाच बसला होता, स्टिअरिंगवर हात ठेवून. अर्ध्या तासाने वर आला. त्या कंपनीने नाही म्हटलं.

मी म्हणालो, "शुक्रवारी हो आणि मंगळवारी नाही? ही कसली माणसं! मी त्यांना पत्र लिहितो. असं लिहितो की वाचून लाज वाटेल."

"नको, बाबा."

"का नको? स्वतःच्या तोंडाने सांगितलं तिने मला."

"हो," केदार म्हणाला. "तुम्ही पडा जरा. मी हिमानीशी बोलतो."

मी पत्र लिहिलंच. दोन पानं, सणसणीत. त्याने न वाचता घडी घालून खिशात ठेवलं, टाकतो म्हणाला. ज्या मुलाला बापाचं पत्र वाचावंसं वाटत नाही, त्याला जग असंच फसवणार.

शुक्रवार, १४ सप्टेंबर

मंगळवारपासून टीव्ही सुरूच आहे. न्यूयॉर्कचे ते दोन मनोरे पडतानाचं चित्र पुन्हा पुन्हा दाखवतात. हिमानीने ऋताला त्या खोलीत यायला बंदी केली आहे. मलाही एकट्याने लायब्ररीत जाऊ नका म्हणाली.

केदारने चँडलरला पुन्हा विचारलं. जागा दुसऱ्याला दिली. बाकी कंपन्यांनी भरती थांबवली आहे.

रविवार, २३ सप्टेंबर

भरदुपारी भांडण. दार लोटलेलं होतं, पण या घरांच्या भिंती पुठ्ठ्याच्या.

हिमानी म्हणत होती, "हातात कागद नव्हता, काही नव्हतं. एवढा कसला कॉन्फिडन्स तुला?"

"मला वाटलं, होईल."

"आणि फोन आला म्हणून मला खोटं सांगितलंस. पेढे आणलेस! दहा वर्षांत तू माझ्याशी खोटं बोलला नव्हतास, केदार. असं कसं मी आता..."

"चुकलं माझं."

मी चकित झालो. फोन आला होता की! मीच घेतला होता. मी साक्ष द्यायला उठून दारापर्यंत गेलो. केदारने मला पाहिलं आणि हिमानीच्या पाठीआडून हाताने खूण केली, बसा. मी परत आलो. फोन उचलला म्हणून मला बोलणी बसू नयेत, एवढ्यासाठी हा खोटारडा ठरायला तयार झाला. बायकोला एवढं भिणारा मुलगा माझ्या पोटी कसा निपजला?

शनिवार, २९ सप्टेंबर

लिहायलाच हवं.

ऋताच्या मैत्रिणीची, निधीची, आज बागेत वाढदिवसाची पार्टी होती. दहा वाजले तरी ऋता घरच्याच कपड्यांत सोफ्यावर लोळत होती. विचारलं, जायचं नाही का?

"नो, आजोबा. इट फेल थ्रू."

मी म्हटलं, "अरे वा, पार पडली का? कधी?"

तिने मान वर केली. "नो! लाइक, इट्स नॉट हॅपनिंग. निधीच्या डॅडचा जॉब गेला. दे आर मूव्हिंग. सो द पार्टी फेल थ्रू."

"म्हणजे झालीच नाही?"

"दॅट्स व्हॉट इट मीन्स," ती म्हणाली. खेकसून नाही. सावकाश, मला समजावं म्हणून.

मी लायब्ररीत गेलो. ती काउंटरवरची बाई नव्हती, बरं झालं. कोश मीच काढला. फॉल थ्रू. ठरलेली गोष्ट न होणं, बेत फिसकटणं. एकच अर्थ दिला आहे. खाली चार वाक्यं, चारही तशीच. फिसकटलं. बाई सांगत होती फिसकटलं, आणि सॉरी म्हणत होती.

पुस्तक हातात होतंच म्हणून पुट अप विथ पण काढलं. खपवून घेणं, सहन करणं. मी सहा महिन्यांच्या व्हिसावर आलो होतो.

परत येताना दोनदा रस्ता चुकलो.

मंगळवार, २ ऑक्टोबर

केदारला चार सप्टेंबरपासूनच ठाऊक आहे. बाईने त्या मंगळवारी सांगितलंच असणार, तुझ्या वडिलांकडे निरोप दिला होता. त्या दिवशी गाडीत अर्धा तास बसला होता तो याच्यासाठी. आणि वर येऊन मला म्हणाला, तुम्ही पडा जरा.

आज सांगायचं ठरवून बाहेरच्या खोलीत गेलो. हिमानी कपड्यांच्या घड्या करत होती. म्हणाली, "चहा हवाय का, बाबा?" मी हो म्हणालो.

शुक्रवार, ५ ऑक्टोबर

सांगितलं नाही. ती त्याच्याशी कामापुरतं बोलते. मीठ दे. ऋताला आण. तो प्रत्येकाला हो म्हणतो.

मी मरणाला इतका भ्यालो नव्हतो. कांचनच्या आजारपणात डॉक्टर काय सांगतील ते ऐकायला पुढे मीच जायचो. पण या पोरीसमोर जाऊन 'मला इंग्रजी येत नाही' एवढं वाक्य तोंडातून निघत नाही.

रविवार, ७ ऑक्टोबर

जेवण झाल्यावर सांगितलं. ऋताला खाली खेळायला पाठवलं आणि मराठीत, सरळ सांगितलं. फोन आला होता. मी उचलला. ती फिसकटलं म्हणाली, मी पार पडलं असं ऐकलं आणि केदारला तसंच कळवलं. तो तुझ्याशी खोटं बोलला नाही.

केदार म्हणाला, "बाबा, कशाला आता." मग हिमानीला म्हणाला, "मी थांबायला हवं होतं. तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय चँडलरला नकार कळवायला नको होता."

हिमानी ताटात उरलेल्या भातावर बोट फिरवत होती. म्हणाली, "तुम्हाला कधी कळलं?"

"आठ दिवस झाले."

"आठ दिवस," ती म्हणाली. "आठ दिवस मी याला खोटारडा समजून तोडून बोलले. या खोलीत. तुम्ही आत बसून ऐकत होतात."

मी पाण्याचं भांडं सरळ केलं.

"इंग्रजी चुकलं ते चुकलं, बाबा. माझंही चुकतं. पण हे मराठीत चाललं होतं ना?"

तिने ताट उचललं आणि आत गेली.

नंतर केदार आणि मी खाली बाकावर बसलो. मी विचारलं, "तू मला का नाही सांगितलंस?"

तो ऋताकडे बघत होता, ती झोक्यावर होती. "आई गेल्यावर तुमच्याकडे तेवढंच उरलं होतं, बाबा," तो म्हणाला. "इंग्रजी."

चार थपडा मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं. हाच मुलगा पहिल्या बाकावरून माझ्याकडे मान वर करून बघायचा.

एक गोष्ट मी टेबलावर सांगितली नाही. त्याने मला विचारलं होतं, तिचे शब्द सांगा म्हणून. तीन शब्द होते. मी ते इंग्रजीत जसेच्या तसे म्हटले असते तर तो जागच्या जागी समजला असता. हे त्यानेही तिला सांगितलं नाही. थांबायला हवं होतं म्हणताना त्याने माझ्याकडे एकदाच बघितलं, आणि मी नजर चुकवली.

रविवार, २८ ऑक्टोबर

आज विमान. माझ्या व्हिसाची मुदत केदारने महिनाभर वाढवून घेतली होती. केदारला दूर उत्तरेकडच्या ॲन आर्बरच्या एका लहान कन्सल्टिंग कंपनीने व्हिसापुरतं कागदावर घेतलं आहे. काम मिळालं तर पगार. त्याचा मित्र सौमित्र तिथे विद्यापीठात आहे, त्याच्या हॉलमध्ये झोपायची सोय झाली. गाडी विकली. हिमानी आणि ऋता माझ्याबरोबर वर्ध्याला.

पुस्तकाची वही कचऱ्याच्या डब्यात टाकली. हिमानीने पिशवी बांधताना ती पाहिली आणि गाठ मारली.

विमानतळावर केदार माझ्या पाया पडला. मी म्हणणार होतो की माफ कर. तोंडून निघालं, "थंडीचे कपडे घेतलेस का?" घेतले म्हणाला. ऋता त्याच्या कमरेला मिठी मारून होती, सोडवेना. हिमानीने तिचे हात एकेक करून काढले. मला मदत करावीशी वाटली, पण मी ट्रॉली धरून उभा राहिलो.

रविवार, ९ डिसेंबर, वर्धा

ऋताला इथल्या इंग्रजी शाळेत घातलं, पण मराठीत ती पहिलीतल्या मुलाच्याही मागे आहे. वर्गात पोरं हसतात. शिकवायचं काम हिमानीने माझ्याकडे दिलं. तसं सांगितलं नाही, पुस्तकं आणून माझ्या टेबलावर ठेवली. आमचं बोलणं तेवढंच.

केदारला अजून काम नाही. तिकडे बर्फ पडतो आहे. आठवड्यातून एकदा फोन करतो, हिमानी उचलते. काल बराच वेळ बोलत होती.

आज धडा संपल्यावर ऋता म्हणाली, "आजोबा, 'बसणे' मीन्स टू सिट, राइट?"

"हो."

"मग 'करून बसणे' म्हणजे काय? यू डू समथिंग अँड देन यू सिट?"

मला शिकवण्याचा उत्साह आला. किती दिवसांनी. म्हटलं, छान प्रश्न आहे. इथे 'बसणे'चा बसण्याशी संबंध नाही. आपल्याही भाषेत दोन क्रियापदं जोडली की तिसराच अर्थ निघतो. कुठे ऐकलंस?

"काल ममा फोनवर डॅडला सांगत होती." तिने आठवून, अडखळत, एकेक शब्द नीट उच्चारला. "'बाबा करून बसले आणि भोगतोय आपण.'"

ती पेन्सिल घेऊन वाट बघत होती. वहीचं पान आखलेलं होतं, डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी.

मी सांगितलं. करून बसणे म्हणजे जे करायला नको ते हातून होणं आणि मग ते परत फिरवता न येणं.

"ओह. लाइक, बाय मिस्टेक?"

मी हो म्हणालो. तिने उजवीकडे तसंच लिहिलं, बाय मिस्टेक, आणि पुढचा शब्द विचारला. मी दुरुस्त केलं नाही.